कार्ड तांदळात नको, फॉरमॅट तर मुळीच नको

‘मेमरी कार्ड करप्ट झालंय? रात्रभर तांदळात ठेवा, खोडरबराने घासा, फॉरमॅट करा, मग त्याच कार्डावर रिकव्हरी ॲप टाका. सगळे फोटो परत! पुढच्या वेळी फोटो ग्रुपवर टाकून ठेवा, हाच फुकट बॅकअप.’ खाली 600 रुपयांच्या 1 टीबी कार्डाची लिंक. आज हा फॉरवर्ड मावशीने पाठवला, आणि तिच्याकडे लेकीच्या साखरपुड्याचं न उघडणारं कार्ड खरोखरच आहे.

तांदळाबद्दल काय बोलायचं? कार्ड भिजलेलं नाही. खोडरबराचं अर्धं मान्य: सोनेरी पट्ट्यांवर घाम-धूळ बसली की रीडरला कार्ड दिसत नाही, पुसल्यावर कधीकधी दिसतं. पण संगणक ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतोय, म्हणजे त्याला कार्ड दिसतंयच. मग घासायचं काय?

खरा घात पुढे आहे. कार्डावर कोणता फोटो कुठे आहे याची एक नोंदवही असते. बहुतेकदा बिघडते ती वही. फोटो जागच्या जागी असतात. क्विक फॉरमॅटने, म्हणजे झटपट प्रकारच्या फॉरमॅटने, फक्त नवी कोरी वही तयार होते, म्हणून त्यानंतरही फोटो मिळू शकतात, हे खरं. पण काही कॅमेरे आणि फॉरमॅट करणारे प्रोग्राम कार्डाला थेट ‘पूस’ असा आदेश देतात. मग काही उरत नाही. आणि ॲप त्याच कार्डावर टाकलं, तर ते नेमकं तुमच्या फोटोंच्या जागेवरच लिहिलं जाऊ शकतं. ‘फोटोरेक’ या फोटो परत मिळवणाऱ्या मोफत प्रोग्रामच्या पानावरच बजावलंय की फोटो गेल्याचं कळताच त्या कार्डावर आणखी काहीही साठवू नका. आणखी कोणाला विचारायचं?

करायचं ते एवढंच. विंडोजने फॉरमॅटचं विचारलं की ‘कॅन्सल’. फोटोरेक संगणकावर घ्या, कार्ड रीडरमध्ये घाला, आणि सापडलेले फोटो ठेवायला संगणकाच्या डिस्कवरचा फोल्डर निवडा. हा प्रोग्राम वही बघतच नाही. प्रत्येक जेपीजी (म्हणजे नेहमीच्या फोटोची) फाइल ‘एफएफ डी8 एफएफ’ या बाइट्सनी सुरू होते, त्या खुणा शोधत तो कार्ड वाचत जातो. त्यामुळे मूळ नावं मिळत नाहीत, आणि तुकड्यांत साठवलेले व्हिडिओ अर्धवट निघतात. कार्ड मध्येच दिसेनासं होत असेल किंवा चटका बसण्याइतकं तापत असेल, तर थांबा; ते डेटा परत मिळवणाऱ्या लॅबचं काम.

ग्रुपवर टाकलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. तो बॅकअप नव्हे.

राहिलं ते स्वस्त कार्ड. अशा कार्डांत बऱ्याचदा 32 जीबीची चिप असते आणि आतला कंट्रोलर (कार्डाचा कारभार पाहणारा भाग) 1 टीबी, म्हणजे सुमारे 1000 जीबी, असल्याचं खोटं सांगतो. 32 जीबी भरल्यावरही फाइलींची नावं दिसत राहतात, पण उघडलं की राखाडी पट्टा. नवं कार्ड घेतलं की आधी ‘एच2टेस्टडब्ल्यू’ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचून बघा, 64 जीबीला तासभर जाईल.

मावशी, फोटो परत मिळेपर्यंत ते कार्ड डबीत ठेव, आणि कॅमेऱ्यात परत घालू नकोस.