‘1976 ला घुसडलेला शब्द’ आणि फॉरवर्डमधून गळलेली कलमं

संविधान दिन जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गाभा असा: ‘मूळ राज्यघटनेत सेक्युलर शब्दच नव्हता. आंबेडकरांनी तो नाकारला होता. इंदिरा गांधींनी आणीबाणीत तो घुसडला, म्हणजे 1976 पासूनच आपण सेक्युलर. तो काढला की सरकारला एका धर्माचं व्हायला आडकाठी नाही.’

यातलं खरं ते आधी. सरनाम्यात हा शब्द 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने आला आणि 3 जानेवारी 1977 पासून लागू झाला. लोकसभेची मुदत वाढवून घेतलेली, विरोधी नेते तुरुंगात. हा काळ लोकशाहीला शोभणारा नव्हता, यात वाद नाही. पण पुढे जनता सरकारने 44व्या दुरुस्तीत 42वीचा बराच भाग पुसला, तेव्हा हा शब्द ठेवला. उलट त्याची ‘सर्व धर्मांना समान आदर’ अशी व्याख्याच घालायचा प्रयत्न केला. ती राज्यसभेत अडली.

‘शब्दच नव्हता’. सरनाम्यात नव्हता. घटनेत होता. 1950 च्या इंग्रजी प्रतीत अनुच्छेद 25(2)(अ) वाचा: धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय वा अन्य ‘सेक्युलर’ व्यवहारांचं नियमन सरकार करू शकतं. इथे अर्थ लौकिक, म्हणजे धर्मविधीबाहेरचा, असा आहे, आणि रोजचं काम याच ओळीवर चालतं. पूजा कशी करायची हा धर्माचा भाग. देवस्थानचे गाळे भाड्याने देणं, जमीन विकणं, हिशेब तपासून घेणं हा लौकिक. रतिलाल गांधी खटल्यात (1954) मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा याच निकषावर तपासला गेला. नोंदणी, हिशेब, तपासणी टिकली. मात्र देवळाच्या किंवा मठाच्या ट्रस्टवर खुद्द धर्मादाय आयुक्ताला विश्वस्त म्हणून बसवण्याची वाट न्यायालयाने बंद केली.

‘आंबेडकरांनी नाकारला’. 15 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत के. टी. शहा या सदस्यांनी पहिल्या अनुच्छेदात ‘सेक्युलर, फेडरल, सोशालिस्ट’ हे तीन शब्द घालायची सूचना मांडली आणि ती फेटाळली गेली. आंबेडकरांचं उत्तर जवळजवळ सगळं तिसऱ्या शब्दावर आहे: समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे घटनेत कायमचं बांधू नये, ते त्या-त्या वेळच्या लोकांनी ठरवावं. त्यातून ‘सरकारला धर्म असावा’ असा अर्थ काढणं म्हणजे ओढूनताणून आहे.

‘1976 पासूनच आपण सेक्युलर’. तारखा जुळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा केशवानंद भारती निकाल 24 एप्रिल 1973 चा. घटनेची मूलभूत चौकट संसदेला दुरुस्ती करूनही मोडता येत नाही, असं त्यात ठरलं. सरन्यायाधीश सिक्री यांनी दिलेल्या या चौकटीच्या यादीत घटनेचं सेक्युलर स्वरूप आहे, शब्द सरनाम्यात यायच्या साडेतीन वर्षांहून जास्त काळ आधी. ‘सरनाम्यातली 26 नोव्हेंबर 1949 ही तारीख तशीच ठेवून शब्द कसा घालता?’ हा आक्षेपही सर्वोच्च न्यायालयात झाला. 25 नोव्हेंबर 2024 ला याचिका फेटाळल्या गेल्या. अनुच्छेद 368 खालचा दुरुस्तीचा अधिकार सरनाम्यालाही लागू आहे.

आता ‘काढला की झालं’. इथे मेसेज सगळ्यात लंगडा पडतो, कारण खटले सरनाम्यावर नव्हे, कलमांवर लढले जातात. अनुच्छेद 27 घ्या. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर कुणावर लादता येत नाही. अनेकांना वाटतं की सरकारने धर्मासाठी एक रुपयाही खर्चू नये असं यात म्हटलंय. तसं नाही. हज अनुदानाविरुद्धची याचिका 2011 मध्ये फेटाळली गेली ती याच फरकावर: एकूण कराचा किरकोळ वाटा गेल्याने 27 मोडत नाही. घटनेत तर आकडेच छापलेत. अनुच्छेद 290अ नुसार केरळने त्रावणकोर देवस्वम (देवस्थान) निधीला दरवर्षी 46 लाख 50 हजार रुपये द्यायचे आणि तमिळनाडूने आपल्याकडच्या देवस्वम निधीला 13 लाख 50 हजार. 1956 पासून, सातव्या दुरुस्तीने. धर्म आणि सरकार यांच्यात आपल्याकडे भिंत नाही. दारं आहेत आणि प्रत्येकाला वेगळी कडी.

अनुच्छेद 28 मध्ये ती कडी नीट दिसते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. सरकार चालवतं पण मूळ दानपत्रातच धार्मिक शिक्षणाची अट आहे, तिथे चालतं. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत देता येतं, पण सक्ती नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती हवी. धर्मांविषयी माहिती शिकवणं यात मोडत नाही, असं 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

सरनाम्यातला शब्द उद्या गेला तरी यातलं अक्षरही हलत नाही. एका धर्माचं राज्य आणायचं तर धर्मावरून भेदभाव रोखणारा 15, सरकारी नोकरीतला 16(2), मग 25 ते 28, आणि धर्मावरून कुणाला मतदार यादीतून वगळता येणार नाही असं सांगणारा 325, हे सगळे उखडावे लागतील. त्यासाठी हवं दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश. त्यानंतर 1973 चा निकाल वाटेत उभा असतोच.