म्हाताऱ्या पावसाचं चित्र कुठाय?

गेल्या जुलैत सासूबाई खिडकीत बसून म्हणाल्या, "तरणा संपला, आजपासून म्हातारा लागला." माझी साडेचार वर्षांची लेक खेळणं टाकून धावत आली. "आजी, कुठाय म्हातारा?"

आजी माणदेशातल्या. त्यांनी तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. पुनर्वसू नक्षत्रातला तो तरणा पाऊस, पुष्यातला म्हातारा, मघातला सासूंचा आणि पूर्वातला सुनांचा. लेकीनं लगेच कागद घेतला. बारीक, वाकलेल्या रेघा काढल्या आणि मधोमध एक काठी. म्हणाली, "हा हळू पडतो, पण थांबतच नाही."

तिच्या कपाटात ऋतूंची पाच चित्रपुस्तकं आहेत. कागद, छपाई, सगळं सुंदर. पण पाचांतही ऋतू चार, आणि चारांतला एकही आमच्या साताऱ्यात येत नाही. ऑक्टोबरचं पान उघडलं की लाल-नारिंगी पानांचा सडा. शाळेत त्याच महिन्यात झाड रंगवायला दिलं होतं. हिनं खिडकीतला आंबा बघून हिरवं रंगवलं, तर बाईंनी शेजारी नारिंगी पान काढून दाखवलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं हो!

थंड देशांत हिवाळ्यात ऊन कमी होतं, पाणी गोठतं, म्हणून झाडं आधीच पानं टाकतात. आपल्याकडची पानगळ कोरड्या दिवसांची, जमिनीतली ओल आटत जाते तशी. आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास काटेसावर, पळस, पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलतात. कुसुंबाची कोवळी पालवी तर लालच असते. म्हणजे आपला लाल रंग फाल्गुनाचा. हे एका पानावर काढलं तर कुठलंही पोर खिडकीकडे धावेल.

आणि सातारा जिल्हा म्हणजे तर आयतं चित्रपुस्तक आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास, कारण ढग सह्याद्रीवरच रिते होतात. डाव्या पानावर इरलं घेतलेली मुलगी आणि उजव्या पानावर आभाळाकडे बघणारा मेंढपाळ, जुलै मात्र एकच! कासवर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवं पठार रंगवतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. चार वर्षांच्या पोरानं ती पाहिली, तर पुन्हा बघेल तेव्हा ते सहावी-सातवीत असेल. एवढी मोठी गोष्ट आयती पडलीय आणि आपण मुलांना बर्फाचा माणूस दाखवतोय.

बर्फाची पुस्तकं नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. लेकीला ती आवडतात, मीही वाचून दाखवते. फक्त ती दूरच्या गावची गोष्ट म्हणून वाचावीत. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत दवाचे हिमकण होतात, ते पांढरं आपलं. तेही कुणीतरी काढायला हवं ना?

मे महिन्यात मी तिला अंगणात उभं केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास तिची सावली आखडत आखडत पायाखाली गेली. पाय उचलून ती सावली शोधत राहिली. "आई, गेली कुठं?" पुस्तकातल्या त्या चार ऋतूंच्या देशांत हे कधीच घडत नाही, कारण तिथं सूर्य डोक्यावर येतच नाही.

सध्या आम्ही घरीच कार्डशीटवर पुस्तक करतोय. वळीव, मृगाचा पेरा, तरणा, म्हातारा एवढी पानं झालीत. सुगी, हुरडा आणि गुऱ्हाळ राहिलंय. सातारा-सांगलीकडच्या चित्र काढणाऱ्यांनी खाली लिहा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून सांगा, तुमच्याकडे आश्लेषाच्या पावसाला काय म्हणतात? आमच्या आजी 'आसळका' म्हणतात. त्याचं चित्र कसं काढायचं, यावर लेकीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.