कूलरची गाज

मराठी कथेत पाऊस फार पडतो. नायिका खिडकीशी उभी राहिली की भुरभुरतो, जुनं पत्र सापडलं की रिमझिमतो, आणि बाळंतपण अडलं तर नदीला पूर येईस्तोवर कोसळतो. मी हे सगळं वाचलं ते नागपुरात, मे महिन्यात, पारा ४५ वर टेकलेला असताना. गोष्टींची पुस्तकं हाती लागायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच, कारण दुपारी अकरा ते पाच घराबाहेर पाय टाकायची बंदी. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला की महाल भागातल्या आमच्या गल्लीत कुत्रंही दिसायचं नाही.

वाचनालयाचं कार्ड आजोबांच्या नावावर होतं. एक पुस्तक, एक मासिक. पुस्तक त्यांच्या आवडीचं, म्हणजे ज्यात शेवटी मोक्ष मिळतो असं. मग मासिक मी माझ्या आवडीचं आणायची आणि आजोबांची दुपारची झोप लागली की पुस्तकही बदलून आणायची. रहस्यकथांवर आधीच्या वाचकांनी समासात मौलिक काम करून ठेवलेलं असे. एका कादंबरीच्या सुरुवातीलाच पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘खुनी वकील आहे.’ त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्याने, ‘वकील नाही, त्याचा भाऊ. नीट वाचत जा.’ आणि त्याच्याखाली लाल शाईत ग्रंथपालांची सही आणि शेरा, ‘पुस्तकात लिहू नये.’ समीक्षेशी माझी पहिली गाठ पडली ती अशी.

वाचायची जागा एकच, कूलरसमोर. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर पत्र्याचा अवाढव्य कूलर, आत खसच्या ताट्या, सकाळी पाइप लावून टाकी भरायची पाळी माझी. ताटीतून उडणारे तुषार थेट पानावर यायचे. कथेतला पाऊस आणि पानावरचा ओलावा यांचा मेळ बसायचा, फक्त पुस्तक परत करताना ते घेतलं होतं त्याच्या दीडपट जाड झालेलं असे. ग्रंथपाल ते हातात घेऊन आधी पुस्तकाकडे आणि मग माझ्याकडे पाहत. दंड आजोबांच्या अनामतीतून कापला जाई, आणि आजोबांना वाटे महागाई वाढली.

इतकं वाचल्यावर लिहावंसं वाटणारच. आणि लिहायला बसल्यावर माझी नायिका आपोआप कोकणात गेली. मी काही तिला पाठवलं नव्हतं. पण वाचलेल्या गोष्टींतली माणसं एक तर समुद्रकिनारी राहत, नाही तर पुण्यात, आणि पुण्याची लोकं उगाच अंगावर येतात, म्हणून समुद्र. रेल्वेने मुंबई इथून आठशे किलोमीटरच्या वर. देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या इथल्या शून्य मैलाच्या दगडापाशी उभं राहिलं तर समुद्र कुठल्याही बाजूने सारखाच अशक्य वाटतो. माझ्या आजीच्या पात्राने बांगडा तळला. मी बाजारात पाहिले होते ते रोहू आणि कतला, तेही नाकाला पदर लावलेल्या आईच्या मागून. रात्रीच्या प्रसंगात समुद्राची गाज हवीच होती. ती मी कूलरकडे कान लावून लिहिली: खोल, अखंड, मधूनच एक उचकी. उचकी पंपाची होती.

ती कथा छापून आली. दिवाळी अंकात. रत्नागिरीच्या एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं, की मी मूळची आमच्याच बाजूची दिसते, गाजेतली ती मधली उचकी खडकाळ किनाऱ्यावर राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते. कार्ड मी जपून ठेवलंय. कूलर भंगारात गेला.

दिवाळी अंकाचं एक मात्र सांगायला हवं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात वाचन आलं, हे उत्तमच झालं. पण अंक दिवाळीत म्हणजे कथा जूनमध्ये, आणि जूनमधली कथा म्हणजे ती लिहायची मे महिन्यात. मित्र मुंबईत होते. नागपुरात असते तर त्यांनी नक्की होळी अंक काढला असता.

पुढे मी रीतसर शिकायचं ठरवलं. सीताबर्डीवरच्या एका हॉलमध्ये कथालेखनाची कार्यशाळा होती. शिकवायला पुण्याहून एक सर आलेले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘सांगू नका, दाखवा.’ मग दोन तास सांगितलं. मला त्यांचं पटलं, पण वाचायला दिलेल्या माझ्या कागदावर त्यांनी ‘करून राहिली होती’ला लाल गोल काढून शेजारी ‘अशुद्ध’ लिहिलं. आता हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. अर्धी कचेरी हिंदीत बोलायची, अर्धी मराठीत, आणि डबे एकत्र बसून खायची. आम्ही करून राहतो, येऊन राहतो, जाऊन राहतो. आमचं काहीही एका झटक्यात होतच नाही. हे मी सरांना सांगितलं नाही. चहासोबत तर्री पोहे आले होते आणि सर पाणी पिऊन राहिले होते.

दाखवायचं कसं, ते मला आत्याकडे कळलं. कुठलीही गोष्ट ती चुलीपासून सुरू करते. मोठे काका तरुणपणी रागावून घर सोडून गेले, ही आमच्या घराण्यातली सगळ्यात मोठी घटना. वडील ती एका वाक्यात उरकतात. आत्या म्हणते, “त्या दिवशी मी गोळाभात केला होता. भरडा जाडाच दळून आणलेला, गोळे असे टच्च फुगून राहिलेले. मोहरी तडतडली, हिंग पडलं, आणि मोठा दादा ताटावरून उठला नं बाप्पा!” का उठला ते अर्ध्या तासाने. कुठे गेला ते चहा झाल्यावर. तोवर जागचं कोणी हलत नाही. काका गेले ते इटारसीच्या गाडीत बसून पांढुर्ण्यापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी परत आले ते पिशवीभर संत्री घेऊन. नागपूरला. संत्री.

मी ही कथा लिहिली. पाऊस नाही, समुद्र नाही, आत्याच्या बोलीत. कारण तेवढं मी जोडलं: नायिका शेजारणीशी बोलत राहते, फोडणीचं तेल निवतं, भाऊ पहिला घास घेऊन उठतो. मुद्रितशोधकाने सगळी ‘राहिली होती’ काढून टाकली, त्यामुळे कथा अर्ध्या पानाने आखडली आणि खाली उरलेल्या जागेत एका मंगल कार्यालयाची जाहिरात आली. ती ठीक होती. वातानुकूलित होतं ते.

अंक घरी पोचला आणि आत्याचा फोन आला. तिला कथेत आणल्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

“तेल निवलं होतं, असं लिहिलंस तू?”

“आत्या, कथा आहे ती.”

“कथा राहू दे. माझं तेल निवलं होतं, हे छापून आलं. अंक घरोघर गेला. तेल कडकडीत होतं. भांडण चिंचेच्या सारावरून झालं. सारात गूळ कमी पडला, आणि गूळ आणायचं काम दादाचंच होतं. हे लिहायचं सोडून…”

संध्याकाळी ती अंक घेऊन थेट आली, सोबत मोठे काका. काका आता ऐंशीच्या घरात. त्यांनी चष्मा लावून आख्खी कथा वाचली, पान उलटून जाहिरातही वाचली. मला वाटलं, ताटावरून उठल्याचं त्यांना लागलं असेल.

“पांढुर्णा काऊन लिहिलं?” काका म्हणाले. “मी इटारसीपर्यंत गेलतो. पांढुर्ण्याहून तर कोणतंही पोट्टं परत येते.”

“मग संत्री कुठून आणली?” आत्याने विचारलं. “इटारसीच्या फलाटावर पिकतात का?”

“येताना पांढुर्ण्याला उतरलो.”

“इतक्या रागात होतास, अन् संत्र्यांसाठी उतरलास?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “हे लिहू नको,” ते म्हणाले. मी पेन शोधून राहिली होती.