‘घरातल्या मारहाणीचा मोठ्या मुलांवर परिणाम होत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘शिस्त आणि संस्कार’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरतो आहे. खाली ‘एक ज्येष्ठ समुपदेशक’ एवढीच सही आहे, नाव नाही. त्यातली विधाने थोडक्यात अशी: आमच्या पिढीने मार खाल्ला म्हणून ती कणखर झाली, आता पालकांनी आणि शिक्षकांनी हात उगारणे सोडले, म्हणून मुले हाताबाहेर गेली, मुले हिंसा मोबाइलमधून शिकतात, घरातून नव्हे, नवरा-बायकोच्या भांडणात एखाद्या वेळी हात उठला तरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर त्याचा परिणाम होत नाही, उलट जगाला तोंड द्यायची त्यांची तयारी होते, आणि आई पोलीस-कोर्टाच्या वाटेला गेली तर मुलांचे खरे नुकसान तिथे होते.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. हा संदेश मात्र माझ्या मावसबहिणीला तिच्या मोठ्या जावेने समूहावर न टाकता मुद्दाम तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवला. तिच्या घरात काय चालते हे जावेला पुरेपूर ठाऊक आहे. बहिणीने तो मला पाठवून एवढेच विचारले की यात काही तथ्य आहे का. म्हणून हे उत्तर.

चौथ्या विधानापासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त घात तेच करणार आहे. मोठ्या मुलांवर परिणाम होत नाही, हे कशावरून ठरवले? मूल रडत नाही, जेवते, शाळेत जाते, यावरून? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील इमन मॅक्रोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४३ मुले होती आणि त्यांचे सरासरी वय बारा वर्षांच्या आसपास होते. त्यांपैकी २० जणांच्या घरात हिंसाचार झाल्याची अधिकृत नोंद होती, उरलेल्या २३ जणांच्या घरात तसे काही नव्हते. मेंदूचे स्कॅन चालू असताना त्यांना दुःखी, शांत आणि रागावलेले चेहरे दाखवले आणि चेहरा पुरुषाचा की स्त्रीचा एवढेच सांगायला सांगितले. रागावलेला चेहरा समोर येताच हिंसेच्या घरातल्या मुलांच्या मेंदूतले दोन भाग, अमिग्डाला आणि इन्सुलाचा पुढचा भाग, इतर मुलांपेक्षा जास्त सक्रिय झाले. धोका हेरण्याचे काम या भागांकडे असते, आणि प्रत्यक्ष लढाईला तोंड दिलेल्या सैनिकांच्या मेंदूत याच दोन भागांची अशीच प्रतिक्रिया पूर्वी आढळलेली होती.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट संदेश पाठवणाऱ्यांनी नीट वाचावी. त्या २० मुलांपैकी कोणालाही तेव्हा नैराश्याचा किंवा चिंतेचा आजार नव्हता. वरवर पाहता ती ठीकच होती. ‘आमच्या पोराला काही झालेले नाही’ असे त्यांच्याही आईवडिलांना म्हणता आले असते. नाइलाजाने एक गोष्ट मी मान्य करते: ‘तयारी होते’ या शब्दांत अर्धे सत्य आहे. संशोधकांनीही ही प्रतिक्रिया म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणे आहे असेच म्हटले आहे. धोका चटकन ओळखणारे मूल त्या घरात त्या वेळी थोडे सुरक्षित राहते. पण हीच जुळवणूक पुढे मानसिक आजारांचा धोका वाढवणारी ठरू शकते, असेही त्यांनी त्याच लेखात सांगितले आहे. ज्या घरात राहायला युद्धभूमीची तयारी लागते, त्या घराचे कौतुक कशासाठी करायचे?

मी बरीच वर्षे नववी-दहावीला शिकवते आहे. एका विद्यार्थिनीने मला सांगितले होते की, वडील खाली स्कूटरचे स्टँड कसे लावतात यावरून संध्याकाळ कशी जाणार हे तिला कळते. स्टँड एका झटक्यात लागले तर ती वही उघडून बसे. दोन-तीनदा धडपड ऐकू आली की ती उठून गॅसखालची सुरी गव्हाच्या डब्यात टाकी आणि धाकट्या भावाला घेऊन गच्चीवर जाई. वर्गात मागच्या कोणी बाक ओढला तरी ती दचकत असे, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘एकाग्रता कमी’ असा शेरा होता. जिन्याखालचा आवाज चौथ्या मजल्यावर ओळखू शकणाऱ्या मुलीबद्दल तो शेरा होता. संदेशातली ‘तयारी’ म्हणतात ती हीच असेल, तर ती करून घेण्यासाठी त्या मुलीने काय काय गमावले याचा हिशेब संदेशात का नाही?

तेरा-चौदा वर्षे हे वय अधिक सुरक्षित आहे हा समजही उलटा आहे. लहान मूल घाबरून पलंगाखाली जाते. नववीतला मुलगा उंचीने आईच्या वर गेलेला असतो, त्याला काय चालले आहे ते पूर्ण समजते आणि तो मध्ये पडतो. कधी आईवरचा फटका त्याला लागतो, कधी तो वडिलांचा हात पिरगाळतो. मग हाच संदेश पुढे पाठवणारी मंडळी ‘बापावर हात उचलतो, हेच का संस्कार’ असे विचारतात. काही मुले मध्ये न पडता हे सगळे पाहत मोठी होतात आणि बायकोशी असेच वागायचे असते हे गृहीत धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत, १८ ते ४९ वयोगटातील, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ज्यांच्या वडिलांनी आईला मारले होते, त्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण बरेच अधिक असल्याचेही हे सर्वेक्षण दाखवते. बालपणी पाहिलेले वाया जात नाही. ते पुढच्या संसारात उतरते.

आता ‘आम्ही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हा मुद्दा. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यासांची, म्हणजे एकूण १,६०,९२७ मुलांची माहिती एकत्र तपासली. त्यांनी गंभीर मारहाण बाजूला ठेवली आणि फक्त उघड्या हाताने दिलेल्या चापट्या मोजल्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला मार म्हणतही नाहीत तेवढेच. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ बाबतींत स्पष्ट संबंध आढळला आणि तो प्रत्येक वेळी मुलाच्या तोट्याचाच होता. आक्रमकता वाढणे, पालकांशी असलेले नाते बिघडणे, मानसिक तक्रारी, हे सगळे त्यात आले. असे अभ्यास कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करत नाहीत, हे खरे. पण मार दिल्याने मूल कणखर होते असे म्हणणाऱ्याला इतक्या मुलांमध्ये फायद्याची एक तरी खूण दाखवता यायला हवी होती. आणि ‘आमचे काय बिघडले’ असे सांगणारे हे बहुतेक सावरलेले लोक असतात. घर सोडून गेलेला चुलतभाऊ किंवा दारूत गेलेला मामा समूहावर येऊन आपली बाजू मांडत नाही.

‘आता कोणी मारतच नाही’ हे तर सरळ खोटे आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी दर तीन मुलांमागे दोघांना मार बसलेला होता, आणि कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे त्यांचे स्वतःचे आईवडील होते. ही आकडेवारी जुनी आहे. शाळेतली छडी शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. घरातला हात त्याने थांबवलेला नाही.

मोबाइलचा मुद्दा मी पूर्ण फेटाळत नाही. मारामारीचे व्हिडिओ काढून वर्गाच्या समूहावर टाकायचे, ते शंभर वेळा पाहायचे, हे मी पाहिलेले आहे आणि त्याचा त्रास खराच आहे. पालकांनी त्यात लक्ष घालायलाच हवे. पण मोबाइलकडे बोट दाखवल्याने घर निर्दोष ठरत नाही. रात्री हेडफोन लावून गेम खेळत बसणाऱ्या मुलांपैकी काहीजण पलीकडच्या खोलीतला आवाज कानावर येऊ नये म्हणून तसे बसतात. त्यांचा फोन काढून घेतला की तो आवाज त्यांना नीट ऐकू येईल.

शेवटचा मुद्दा पोलीस आणि कोर्टाचा, आणि माझी बहीण याच मुद्द्यावर अडली आहे. कोर्टकचेरीत वेळ जातो, नातेवाईक तुटतात, हे मी नाकारणार नाही. पण ‘तक्रार केली की घर फुटते’ हे कायद्यात कुठेही नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा दिवाणी उपाय देणारा कायदा आहे. त्याखाली दंडाधिकारी नवऱ्याला मारहाणीपासून रोखणारा आदेश देऊ शकतात, स्त्रीला त्याच घरात राहण्याचा हक्क देऊ शकतात आणि मुलांचा तात्पुरता ताबा तिच्याकडे देऊ शकतात. घर सोडावे लागणारी व्यक्ती तीच असली पाहिजे असे नाही. अर्ज करायला मदत करणे हे याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचे काम आहे. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. मुलांसाठी १०९८ आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेल्या या सेवेवर फोन करायला पैसे लागत नाहीत, आणि मूल स्वतः, आईवडिलांना न विचारता, तो फोन लावू शकते.