कुरतडेल त्याची गाडी

गाडी चालवण्यासाठी घ्यायची असते, हा समज आता जुना झाला. गाडी घ्यावी, हप्ते भरावेत आणि ती एका जागी उभी करून अधूनमधून खिडकीतून तिच्याकडे पाहून घ्यावं. अशी बरेच दिवस न हललेली गाडी उंदरांच्या लेखी बेवारस मालमत्ता असते. कसेल त्याची जमीन, राहील त्याचं घर आणि कुरतडेल त्याची गाडी, इतका साधा त्यांचा कायदा. आता ताबा जाणारच असेल तर तो रीतसर, सगळ्या सोयींसकट जावा, म्हणून चार सूचना.

आधी जागा बघा. चारी बाजूंनी मोकळी, उजेडाची जागा मिळाली तर ती सोडून द्या. उंदराची नजर अधू असते. मिशांनी भिंत चाचपत, अंग घासत तो रोज त्याच वाटेने जातो. भिंतीच्या तळाशी जो तेलकट काळा पट्टा दिसतो तो त्याच्या अंगाचाच. उघडं मैदान ओलांडायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे गाडी भिंतीला अगदी चिकटवून लावावी. मागचं चाक झुडपात रुतलं तर फारच छान. कचऱ्याचा डबा, जुनी खोकी, तुटक्या खुर्च्या हेही जवळपास असू द्या, म्हणजे वाटेत दम खायला ठिकाणं होतात.

त्यावर कव्हर घाला, आणि तेही जमिनीवर लोळणारं. कव्हराखाली अंधार असतो, वारा लागत नाही, वरून घुबडाला काही दिसत नाही आणि बाहेरून तुम्हालाही दिसत नाही. काही विक्षिप्त लोक रात्री बॉनेट उघडं टाकतात, गाडीखाली दिवा लावतात. आत उजेड आला, ऊब गेली की उंदराला तिथे संसार थाटावासा वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बॉनेटचा आ वासून उभी असलेली गाडी पाहून शेजारी काय म्हणतील, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

गाडी रोज चालवणं हा तर सरळसरळ छळ आहे. लेंड्या टाकून, काड्या गोळा करून कुणी घर उभं करायचं आणि तुम्ही सकाळी ते शंभरच्या वेगाने हलवायचं, हे बरं नव्हे. त्यापेक्षा बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याची जी पद्धत आहे, ती सोडू नका. तेवढ्यात बॅटरी भरत नाही, स्टार्टरने खाल्लेलंही परत येत नाही. इंजिन मात्र कोमट होतं, आणि ते नेमकं थंडीच्या दिवसांत फार उपयोगी पडतं.

खाण्यापिण्याची आबाळ होऊ देऊ नये. मुलांच्या सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा असतोच, तो व्हॅक्यूमने ओढून काढायचा नाही. डिकीत कुत्र्याच्या खाण्याची किंवा पक्ष्यांच्या दाण्यांची उघडी पिशवी राहिली तर तिकडे काणाडोळा करा. डॅशबोर्डाच्या कप्प्यात टिश्यूचा डबा हवाच. तो खाण्यासाठी नव्हे, अंथरुणासाठी.

आत शिरायचं कसं, याची काळजी तुम्ही करू नये; ते काम कंपनीने करून ठेवलं आहे. घरातल्या छोट्या उंदराला सुमारे 6 मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल तिथून तो जातो. मोठ्या उंदराला साधारण 12 मिलिमीटर. टायरवरून सस्पेन्शनवर, तिथून इंजिनात, असा जिना आहे. समोरच्या काचेखाली वायपरपाशी हवा आत घेणाऱ्या ज्या फटी असतात, त्या थेट आत येणारी हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरपाशी उतरतात. त्यांच्यावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवता येते. तासाभराचं काम आहे, त्यामुळे ते पुढच्या सुट्टीवर ढकलणं सोपं जातं.

हे सगळं जमून आलं की कळतं कसं? एसी लावल्यावर पंख्यातून टकटक असा आवाज येतो. मग वास येतो. सुरुवातीला वाटतं कुणाचे तरी मोजे राहिले असतील. डॅशबोर्डाचा कप्पा काढून मेकॅनिक मागचा फिल्टर ओढतो, तेव्हा त्याच्या घड्यांच्या मधोमध व्यवस्थित गोल भोक असतं. भोकापलीकडे एक वाटोळी गादी. बॉनेटच्या आतला काळा नमदा, सीटचा पिवळा फोम आणि तुमचे टिश्यू यांचे इतके बारीक तंतू विंचरलेले की हात लावायला संकोच वाटावा. कडेला दोन्ही टोकांना निमुळत्या लेंड्या. मेकॅनिक काही बोलत नाही, फक्त मोबाइलचा टॉर्च धरून तुम्हाला बघू देतो. हा क्षण शक्यतो लांबवावा. त्यासाठी फिल्टर कधीही उघडून बघायचा नाही.

स्कूटरवाल्यांनी नाराज होऊ नये. सीटखालची डिकी, सीटचा फोम आणि एअर फिल्टरची डबी एवढ्यात छोटं कुटुंब आरामात मावतं. आणि कुटुंब छोटं राहत नाही: उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि तिची पोरं दीड-दोन महिन्यांत स्वतः आईबाप व्हायच्या तयारीत असतात.

आता वायरिंग. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, मोठ्या उंदराचे तर वर्षाला 10 सेंटिमीटरहून जास्त. त्यांचं एनॅमल तांब्यापेक्षा कठीण असतं. वायरच्या कव्हरवर दोन-दोन समांतर खाचा आणि मध्ये लखलखीत नवं तांबं दिसलं, की सही कुणाची ते ओळखावं. पहिला मान बहुधा सेन्सरांच्या नाजूक वायरींना मिळतो. मग डॅशबोर्डावर एकेक दिवा लागू लागतो: चेक इंजिन, एबीएस आणि जे काय काय दिवे कंपनीने हौसेने दिले आहेत ते. गाडी टोइंगवर गॅरेजात जाते, सीट निघतात, डॅशबोर्ड निघतो, मॅट उचलल्या जातात. डोंगर पोखरून उंदीर काढणे या म्हणीचा अर्थ ज्यांना शाळेत कळला नाही, त्यांनी हे एकदा उभं राहून बघावं. शेवटी सापडते ती बोटभर कुरतडलेली वायर. उंदीर तोवर शेजारच्या गाडीत.

हे का होतं, याचं एक रुचकर उत्तर सगळीकडे फिरतं: हल्ली वायरच्या कव्हरमध्ये सोयाबीन घालतात, म्हणून उंदीर ते खातात. अमेरिकेत 2016 मध्ये यावरून कार कंपन्यांवर ग्राहकांनी दावेही ठोकले. कंपन्यांचं म्हणणं की उंदीर कशाचंही काहीही कुरतडतात. उंदरांनी जबाब दिलेला नाही. सोयाबीन नव्हतं तेव्हाही साध्या प्लॅस्टिकच्या वायरी ते कुरतडतच होते, ही बारीकशी अडचण आहे खरी. पण तुम्ही सोयाबीनला धरून राहा. त्यात सोय अशी की दोष कंपनीचा होतो, आणि झुडूप, कव्हर, बिस्किटं यांच्याकडे वळून पाहावं लागत नाही. होंडाने मात्र मिरचीतल्या कॅप्सायसिनची टेप काढली आहे, वायरींना गुंडाळायला. सस्तन प्राण्यांना ती झोंबते. पक्ष्यांना झोंबत नाही. पण पोपट वायरी कुरतडत असतील तर तुमचं प्रकरण वेगळंच आहे.

ज्यांना काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं, त्यांच्यासाठी बाजारात पुष्कळ आहे. माझा विशेष जिव्हाळा अल्ट्रासॉनिक यंत्रावर. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, उंदराला त्याच्या कितीतरी वरचं. म्हणजे यंत्र चालू आहे की बंद, हे फक्त उंदीरच सांगू शकतो. विक्रेत्यासाठी याहून उत्तम वस्तू असू शकते का? असा आवाज समोर काही आडवं आलं की तिथेच अडतो, आणि इंजिनात आडवं येणारं सोडून दुसरं काय असतं! शिवाय उंदरांना त्याची थोड्याच दिवसांत सवय होते. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 2001 मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60हून अधिक जणांना पत्रं धाडली होती: दावे करताय, तर शास्त्रीय पुरावा ठेवा. यंत्रं अजून विकली जातात. लुकलुकणारा निळा दिवा छान दिसतो.

डांबरगोळ्यांचा उपाय आणखी चांगला. त्या इंजिनात ठेवल्या की नॅप्थलीनची वाफ एसीच्या वाटेने आत येते. उंदीर जातो की नाही हे नंतर ठरतं, तुमचं डोकं आधी चढतं. पुदिन्याचं तेल शिंपडलंत तर गरम इंजिनावरून ते थोड्याच वेळात उडून जातं, त्यामुळे ते पुन:पुन्हा शिंपडण्याचा छंद लागू शकतो. साध्या लोखंडी घासणीचे बोळे भोकांत कोंबण्याचाही एक उपाय आहे. त्याचे तंतू सुटून विजेच्या जोडांवर पडले की उंदराला कष्ट न देता शॉर्टसर्किट करता येतं.

मांजर पाळा, असंही कुणी सांगेल. न्यूयॉर्कच्या एका कचरा-पुनर्वापर केंद्रात भटकी मांजरं आणि मोठे उंदीर एकत्र नांदत होते, तिथे संशोधकांनी कॅमेरे लावले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 79 दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर भरले दोन. लपाछपी मात्र दोन्ही बाजूंनी मनापासून चालू होती. थंडीत मांजर स्वतःच इंजिनावर जाऊन झोपतं, हे वेगळं. तेव्हा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची असते. ही एक सूचना मी उपरोधाने करत नाही.

राहता राहिलं विष. वॉर्फरिन 1948 पासून उंदीर मारायला वापरात आलं आणि 1954 पासून रक्त पातळ ठेवायला माणसांना दिलं जाऊ लागलं. एवढी बहुगुणी वस्तू. या जातीची विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस घेतो. त्या दिवसांत तो आपलं मरण्याचं ठिकाण निवडतो. डॅशबोर्डाच्या मागे, हीटरच्या खोक्याखाली, हात पोचणार नाही आणि उन्हाने तापेल असं एखादं. विष खाल्लेला उंदीर बाहेर पडलाच तर तो घुबडाच्या पोटात जातो, म्हणजे फुकटात उंदीर मारणारा एक कामगारही कमी होतो. त्यामानाने भिंतीलगत, वाटेवर आडवा लावलेला साधा सापळा फारच गावंढळ. रोज बघावा लागतो.

आपल्यावरच ही वेळ आली असं मानून खचू नका. कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया नॅशनल पार्कात मिनरल किंग नावाची दरी आहे. तिथले मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी, गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायरी चावतात, रेडिएटरचं कूलंटही पितात, म्हणून पर्यटक अख्खी गाडी खालून ताडपत्रीत गुंडाळून ठेवतात. लंगोट लावलेल्या गाड्यांची ती रांग बघण्यासारखी असते. काही मार्मोट इंजिनात बसून दूरच्या गावांपर्यंत फुकट प्रवास करून आले आहेत. उत्तर अमेरिकेतलं साळिंदर मिठाच्या ओढीने ब्रेकच्या नळ्या कुरतडतं. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये हे खातं मार्टेन नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याकडे आहे. तो उंदरांच्या जातीचा नव्हेच, उलट उंदीर खाणारा. त्याला राग येतो दुसऱ्या मार्टेनच्या वासाचा. तुम्ही एका मार्टेनच्या हद्दीतून गाडी आणून दुसऱ्याच्या हद्दीत लावलीत की वायरी तुटल्याच. भांडण त्यांचं, बिल तुमचं.

बिलाचा विषय निघालाच आहे तर विम्याचे कागद आताच वाचू नका. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, मग ते उंदराने करो वा तुम्ही. सर्वसमावेशक पॉलिसीत ते बऱ्याचदा येतं, पण कुठे कशी कात्री लागते हे बारीक अक्षरात असतं, आणि बारीक अक्षर नुकसान झाल्यावरच नीट दिसतं. कुरतडलेल्या वायरीचे, घरट्याचे, लेंड्यांचे फोटो काढायच्या आत सगळं झाडून टाकावं. मग सर्व्हेअर विचारेल, उंदरानेच केलं कशावरून? अशा वेळी साक्षीला कुणाला बोलवायचं हे म्हणीतच सांगितलं आहे. वर सांगितलेली न्यूयॉर्कची मांजरं बघता ती साक्ष देतील असं वाटतं.

सफाईचंही लगेच उरकून घ्या. हातमोजे, मास्क या गोष्टी भित्र्यांसाठी. लेंड्या आणि मूत्र यांतून हंतासारखे विषाणू धुळीबरोबर श्वासात जाऊ शकतात, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून आधी सगळं जंतुनाशकाने भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि मग कागदाने टिपून घ्या, असं जाणकार सांगतात. पाच मिनिटं थांबायला वेळ कुणाला आहे? कोरडा झाडू घ्या, किंवा सरळ ब्लोअर मारा, म्हणजे सगळं एका दमात गाडीभर आणि छातीभर पसरतं. आणि इंजिनातला मूत्राचा वास धुऊन काढण्याच्या फंदात तर पडूच नका. उंदीर त्याच्याच खुणेने वाट काढतात. नवं बिऱ्हाड यायचं झालं तर त्यांनी पत्ता विचारत कुठे कुठे फिरायचं?