मलाक्का एका दिवसात पडलं नव्हतं

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘१५११ साली अल्बुकर्कने मूठभर पोर्तुगीजांनिशी एका दिवसात मलाक्का जिंकलं. मलय लोकांकडे तोफाच नव्हत्या. त्यांची सल्तनत तिथेच संपली.’ मलाक्का म्हणजे आजच्या मलेशियातलं बंदर, अल्बुकर्क म्हणजे पोर्तुगीजांचा भारतातला गव्हर्नर. या मजकुरातलं साल तेवढं बरोबर आहे.

‘एका दिवसात’? गोवा घेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जुलैच्या सुरुवातीला, अल्बुकर्कचं आरमार मलाक्कासमोर येऊन थांबलं. २५ जुलैला हल्ला झाला, नदीवरच्या पुलासाठी झुंज झाली आणि पोर्तुगीज जहाजांवर परतले. ऑगस्टमध्ये एक उंच जंक गलबत भरतीच्या पाण्यावर पुलाला भिडवून पुन्हा सुरुवात करावी लागली. शहर पुरतं हाती यायला २४ ऑगस्ट उजाडला.

तोफांचं तर पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलंय. लुटीत ३,००० तोफा मिळाल्या, असा त्यांचा दावा. जिंकणारा आकडा फुगवतोच, त्यातल्या बऱ्याच लहान असणार. पण ज्यांच्याकडे तोफाच नव्हत्या त्यांच्याकडून तोफा लुटता येत नाहीत.

‘मूठभर’ मात्र अर्धं खरं. माणसं हजार-बाराशेच, आणि त्यांतही मलबारी सैनिक होते. पण त्यांना शहरातूनच हात मिळाला, हे त्या मजकुरात कुठेच नाही. मलाक्का म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांची पेठ: गुजराती, तमिळ, जावी, चिनी. गुजराती व्यापाऱ्यांना पोर्तुगीज नको होते. उलट १५०९ मध्ये सुलतानाने पकडलेल्या पोर्तुगीजांना सांभाळलं ते नीना चाटू या हिंदू व्यापाऱ्याने. कैदेतल्या रुइ द अराउजोची पत्रं अल्बुकर्कपर्यंत पोचत होती. बंदरातल्या चिनी व्यापाऱ्यांनीही पोर्तुगीजांना मदत केली. पुढे नीना चाटूला बेंडाहारा हे मोठं पद मिळालं. माझ्या मते तोफांपेक्षा ही फूट जास्त महागात पडली.

आणि सल्तनत? पडलं ते बंदर. सुलतान महमूद शाह निसटला आणि पुढे बिनतान बेटावरून मलाक्कावर हल्ले करत राहिला. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी तेही ठाणं उद्ध्वस्त केलं. सुलतान सुमात्रातल्या कांपारला गेला आणि १५२८ मध्ये तिथेच वारला. त्याच्या एका मुलाने मलय द्वीपकल्पात जोहोरची गादी उभी केली, दुसऱ्याने पेराकची. पेराकला आजही सुलतान आहे. १६४१ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून मलाक्का हिसकावलं, तेव्हा वेढ्यात डचांच्या जोडीला जोहोरचं सैन्य होतं.