जायफळाशी माझं भांडण नाही

काका, (वयाचा अंदाज तुमच्या लिहिण्यावरूनच बांधलाय, चुकला असेल तर राग मानू नका.)

घरी फ्रेंच प्रेस (काचेच्या भांड्यात कॉफी भिजवायची आणि जाळी लावलेल्या दांड्याने गाळ खाली दाबायचा, ते साधन) आणल्याचं मी लिहिलं, त्यावर तुम्ही सांगलीहून चांगलंच झापलंत. एक, ही फ्रेंचांची नक्कल आहे. दोन, दूध-साखर-जायफळाची कॉफी आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिला मी नावं ठेवली. तीन, पातेलं नि गाळणी असताना हजार-बाराशे रुपये कशाला घालवायचे? आणि चार, असल्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं हे मी लपवलं.

चौथा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. लपवलं नव्हतं, लिहायचं सुचलं नाही, पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच. कॉफीच्या तेलकट अंशात कॅफेस्टॉल असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टरमध्ये ते अडकतं, प्रेसच्या तारेच्या जाळीतून सरळ खाली येतं. (चहाच्या गाळणीतूनही येतं बरं का!) इन्स्टंटमध्ये मात्र ते नावापुरतंच. म्हणजे या बाबतीत तुमची इन्स्टंटची बरणी माझ्या काचेच्या भांड्याला भारी. मी सकाळी एकच मग पितो. ज्यांचा रिपोर्ट आधीच वर गेलाय त्यांनी कागदी फिल्टर बघावा.

नकलेचं म्हणाल तर नाव फ्रेंच खरं आणि 1852 सालचं एक फ्रेंच पेटंटही आहे, पण आज दिसतो त्याच्या जवळ जाणाऱ्या प्रेसचं 1929 सालचं पेटंट कालिमानी आणि मोनेता या दोन इटालियन माणसांचं. त्यामुळे नक्कल नक्की कुणाची करतोय, मलाच कळेना.

आता पातेलं. तुमची प्रतिक्रिया वाचून रविवारी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून केलं. पंधरा ग्रॅम पावडर, अडीचशे मिली पाणी, वर झाकण, चार मिनिटं. सातारा सुमारे सातशे मीटर उंचीवर, त्यामुळे आमच्याकडे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की काम झालं. एक कप प्रेसमधून, एक गाळणीतून. काही न सांगता दोन्ही आईपुढे ठेवले. तिने दोन्हींचा एकेक घोट घेतला, कप बाजूला सारले आणि स्वतःसाठी चहा टाकला.

माझं मत: उन्नीस-बीस. गाळणीच्या कपात तळाला गाळ जास्त, एवढंच. मग मला आधी पातेल्यातली कॉफी कडू का लागायची? कारण मी पावडर पाण्यात घालून पाच-सात मिनिटं खळखळ उकळायचो आणि तो कडूपणा दूध-साखरेने झाकायचो. प्रेसने मला उकळणं सोडायला लावलं. तेवढ्यासाठी बाराशे रुपये जास्त झाले, कबूल.

आणि पहिला आठवडा फुकटच गेला, तेही ऐका. बाजारातल्या एका दुकानातून तयार फिल्टर कॉफी आणली होती, सत्तर टक्के कॉफी, तीस टक्के चिकोरी, मैद्यासारखी बारीक. दांडा अर्ध्यावर अडला. मी वरून जोर दिला, तसं जाळीच्या कडेने गरम पाणी उसळून मनगटावर आलं, नि ओट्यामागच्या फरशांवर काळे ओघळ. बारीक पूड जाळीत बसली की असंच होतं. अडलं की दाबायचं नाही, दांडा जरा वर घ्यायचा. चिकोरीचं मात्र वेगळंच. तुम्ही म्हणता तिच्याशिवाय कॉफीला अंग येत नाही. दुधात खरंच येतं. नुसत्या पाण्यात मात्र तीच पुढे येते, कॉफी मागे राहते. आता चिकमगळूरच्या बिया आणतो आणि हातगिरणीवर लापशीच्या रव्याइतक्या जाड दळतो. दांडा बोटाच्या भाराने खाली जातो. शेवटचा बोटभर गाळ कपात ओतत नाही, कढीलिंबाच्या कुंडीत जातो.

राहिलं जायफळ. मूळ लेखात मी त्याला ‘कॉफीचं पांघरूण’ म्हटलं होतं, ते तुम्हाला लागलं. कोजागरीला आमच्याकडेही दुधात तेच किसलं जातं. तो शब्द आज काढलाय, ‘पातेल्यात हे जमत नाही’ हे वाक्यही खोडलंय, आणि कॅफेस्टॉलचा परिच्छेद वरच घातलाय.